काम असल्यास ओट्यावर या

आमच्या घरमालकांनी स्वतःच्या व्याह्यांना ग्रुपमधून काढून टाकलं, त्या दिवसापासून माईंनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. आप्पांच्या हे बरेच दिवस लक्षातच आलं नाही, कारण माईंचं बोलणं त्यांना एरवीही ऐकू येत नसे. व्याह्यांचा गुन्हा एवढाच होता की सकाळी सकाळी त्यांनी उगवत्या सूर्याचा फोटो टाकला होता, खाली गुलाबाची दोन फुलं आणि शुभ प्रभात.

आप्पा म्हणजे घरमालक आणि माई त्यांची बायको. सुरतेतल्या गोडादऱ्यातल्या त्यांच्या चाळीतले सगळे भाडेकरू त्यांना याच नावांनी हाक मारायचे, म्हणून मीही. माझा नवरा पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये होता आणि मी घरी बसून साड्यांना लेस लावायचे, शिवाय फोनवरून साड्या विकायचे. आम्ही मूळचे बुलढाण्याकडचे. आप्पा-माई अमळनेरच्या बाजूचे, घरात अहिराणी बोलणारे. पहिले काही महिने त्यांच्या घरातलं भांडण चाललंय की कौतुक, ते मला कळायचं नाही. नंतर कळायला लागलं तेव्हा समजलं की बहुतेक वेळा भांडणच असायचं.

चाळीच्या पुढे सिमेंटचा ओटा होता आणि ओट्यावर पट्ट्यांची एक लोखंडी खुर्ची. त्या खुर्चीत आप्पांशिवाय कुणी बसत नसे. बसू नका असं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण ते खुर्ची ठेवायचेच अशा जागी की तिथून सगळ्या खोल्यांची दारं, पाण्याची मोटार, जिना आणि गल्लीचं तोंड एका नजरेत दिसावं. सकाळी ऊन आलं तरी ते खुर्ची सावलीत ओढायचे नाहीत, डोक्यावर टॉवेल घ्यायचे. "इथून सरकलो तर मोटार दिसत नाही," म्हणायचे. मोटार काही पळून जाणार नव्हती. पण ज्या माणसाने सगळं आयुष्य लूमच्या कारखान्यात काढलं, त्याला दिसत नसलेल्या यंत्रावर भरवसा नसतो. कारागीर एका जागी उभा राहतो आणि त्याचे सगळे लूम त्याला तिथून दिसतात. कुठल्या लूमचा धोटा अडकला, कुठे धाग्याची तार तुटली, ते त्याला मान वळवली की कळतं. मान वळवूनही दिसत नसेल तर ती जागा चुकीची, हे आप्पांचं एकमेव तत्त्वज्ञान होतं.

लूमनीच त्यांचे कान नेले होते. पण त्याचं त्यांना वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही, कारण कारखान्यात तसंही कुणी तोंडाने बोलत नाही, सगळं हातांनी चालतं. तीच भाषा ते ओट्यावर बसून आमच्याशी बोलायचे. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. दोन बोटं टोकाला टोक लावून फटकन दूर केली की तार तुटली. म्हणजे नळ गळतोय, लाइट गेली किंवा कुठल्या तरी खोलीतल्या नवराबायकोचं वाजलंय. आणि दोन्ही तळवे समोरच्याच्या दिशेने हलकेच ढकलले की पाळी बदलली, आता तुझे लूम तू सांभाळ. दुपारी जेवायला उठताना ते मोटारीकडे बघून ही खूण ज्याला करत, त्याला टाकी भरेपर्यंत ओट्याजवळ थांबावं लागे. आम्ही भाडेकरू त्यावर हसायचो, पण थांबायचो.

ही पाळीची खूण मुळात त्यांची आणि नानांची होती. नाना त्यांचे धाकटे भाऊ. सुरतेला आल्यावर दोघं एकाच कारखान्यात, एकाच लूमवर होते. हे दिवसपाळीला, ते रातपाळीला, पुढच्या आठवड्यात उलट. राहायला एक खोली आणि झोपायला एकच गादी; एक उठायचा तेव्हा दुसरा आडवा व्हायचा. दिवसातून दोनदा, पाळी बदलताना, भाऊ भावाला भेटायचा तेवढीच भेट. गडगडाटात बोलून उपयोग नव्हता, म्हणून हा तळवे पुढे करायचा आणि तो मान डोलवून लूमला हात लावायचा. माई सांगायच्या, वर्षानुवर्षं दोघं असे राहिले आणि कधी त्यांच्यात वाकडा शब्द आला नाही. मी मनात म्हणायचे, भेटच तेवढी असल्यावर कुठून येणार?

मी राहायला आले तेव्हा मात्र दोघांचं बोलणं पार बंद होतं. नाना पांडेसऱ्यात राहायचे, रिक्षाने अर्ध्या तासावर. आप्पा त्यांचं नाव घेत नसत आणि चाळीत कुणी घेतलेलं त्यांना चालत नसे.

फोनचा किस्सा असा. आप्पांचा मुलगा वापीला नोकरीला. त्याने बापाला मोठा फोन आणून दिला आणि जाण्याआधी सगळ्या ग्रुपमध्ये घालून गेला. गावाचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, भजनी मंडळ, जुन्या कारागिरांचा, सोसायटीच्या पाण्याचा, लग्नाच्या स्थळांचा, सुनेच्या माहेरचा. शिवाय फोटोंचं एक अॅप, व्हिडिओंचं एक आणि ज्यात लोक बाहेरगावी फिरायला गेलेले दिसतात ते एक. आप्पांना यांची नावं कधी पाठ झाली नाहीत. हिरवं, निळं, लाल, गुलाबी असं म्हणायचे. जन्मभर कोरं कापड विणलेला माणूस, त्याला एकदम एवढे रंग मिळाले.

पंधरवडाभर ते नेमाने प्रत्येक ठिकाणी जाऊन सगळं वाचत होते. मग एका दुपारी फोन घेऊन जिना चढून वर माझ्या दारात आले. मी साडीला लेस लावत होते, मध्येच एका अॅपवर गिऱ्हाइकाला फोटो पाठवत होते, दुसऱ्यावर भाव सांगत होते.

"पोरी," ते म्हणाले, "तू दिवसभर बोटाने लोकांची दारं ठोठावत फिरतेस. मला हे जमणार नाही. मला एकच जागा करून दे."

"कसली जागा, आप्पा?"

"जिथून सगळं दिसेल अशी."

मी त्यांना समजावलं, हाताचे इशारे करून आणि कागदावर लिहून, की तसं नसतं. प्रत्येक ग्रुपचं काम वेगळं, माणसं वेगळी. भजनवाल्यांना पाण्याच्या टँकरशी काय करायचंय? आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणजे माझ्या ओठांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "ओट्यावर कोण येतं? दूधवाला येतो, भजनवाला येतो, सोयरा येतो. मी काय प्रत्येकाला वेगळा ओटा बांधून दिला?"

मी ग्रुप तयार केला. नाव 'ओटा'. फोटो त्या रिकाम्या लोखंडी खुर्चीचा, तो त्यांनीच काढायला लावला.

मग ते बाकीच्या सगळ्या ग्रुपांतून एकेक करून बाहेर पडले. मुकाट्याने नव्हे, निरोप लिहून. तो निरोप त्यांनी मला सांगितला आणि मी सगळीकडे तोच टाकला: "आजपासून मी इथे नाही. तब्येत चांगली आहे. काम असल्यास ओट्यावर या." तब्येतीचं वाक्य टाकलं नसतं तर बरं झालं असतं. ते वाचून गावाकडच्या लोकांना वाटलं की म्हातारा आजारी आहे आणि लपवतोय. दोन दिवस माईंचा फोन वाजत राहिला. अमळनेरची आप्पांची बहीण तर पिशवी भरून निघायच्या बेतात होती.

लोक मात्र आले. त्याला कारण आप्पांचा दरारा म्हणा किंवा कुतूहल म्हणा. गावचे, भावकीतले, जुने कारागीर, भाडेकरू, भजनी मंडळ, सून आणि तिच्या माहेरचे, वर गल्लीतला गुजराती दूधवाला. तो आला आणि त्याने पहिलाच प्रश्न टाकला, "आप्पा, आ शुं छे?" हे काय आहे, असं तो विचारत होता; आप्पांनी मला उत्तर लिहायला लावलं, "उद्या अर्धा लिटर जास्त." दूधवाल्याला तेवढ्यात सगळं समजलं.

पहिले काही आठवडे नुसता गोंधळ होता. गटार तुंबल्याचा फोटो नंदुरबारचे व्याही बघायचे आणि विचारायचे की हा प्रसाद आहे का. एकदा गावाकडे एका म्हाताऱ्यांच्या गंधमुक्तीची, म्हणजे उत्तरकार्याची, बातमी आली, तारीख, वार, ठिकाण. त्याच्या जरा आधी मी साड्यांचे फोटो टाकले होते. बातमीच्या बरोबर खाली सुनेच्या मावशीने लिहिलं, "यात हिरवा रंग मिळेल का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आप्पा मात्र चिडले नाहीत. त्यांनी दोन्ही हात आडवे करून खूण केली, लूम बंद. त्यांचा अर्थ असा की कुणाच्या मरणाची बातमी आली की त्या दिवशी दुसऱ्या कुणाला तिथे काही लिहिता येऊ नये. सेटिंगमध्ये तशी सोय असते, ती मी केली. तेव्हापासून तो नियमच झाला. दिवसभर ती एक बातमी एकटी पडून राहायची, प्रत्येकाला दिसायची. दुसऱ्या दिवशी आप्पा म्हणायचे, "चालू कर," आणि पुन्हा दूध, गटार, साड्या सुरू.

फुलं, सूर्य, सुविचार यांना बंदी होती. बातमी, काम आणि पत्ता, एवढंच चालेल. पहिल्यांदा कुणी फूल टाकलं की समज द्यायचे, दुसऱ्यांदा बाहेर. व्याह्यांचं हे दुसऱ्यांदा झालं होतं. मी हातापाया पडले की आप्पा, सोयऱ्यांना असं काढत नाहीत. ते म्हणाले, "लूमवर सोयरा नसतो." आणि स्वतःच्या बोटाने काढून टाकलं. तेवढं एक बटण ते शिकले होते.

नंदुरबारला आग लागली. सुनेने वापीहून रडून घेतलं. व्याही म्हणाले, मुलगी दिली, अब्रू नाही दिली. शेवटी माईंनी कागदावर लिहून आप्पांच्या पुढे धरलं, तेव्हा कुठे त्यांना कळलं की घरातही आपल्याशी कुणी बोलत नाहीये. ते उठले, चौकातून घारी या सुरती मिठाईचा डबा घेतला आणि सकाळच्या गाडीने नंदुरबारला गेले. माफी मागितली, जेवले, संध्याकाळी परत आले. व्याह्यांना पुन्हा आत घेतलं, फुलं टाकणार नाही या अटीवर. व्याह्यांनी ती अट जेवणाच्या पानावर बसून मान्य केली म्हणे.

त्या संध्याकाळी माई पुष्कळ दिवसांनी त्यांच्याशी बोलल्या. ओट्यावर उभ्या राहून, चार घरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"नंदुरबारले जाता येस. पांडेसराले जाता येस नही!"

आप्पांनी ओठांवरून ते वाचलं असावं. त्यांनी तोंड फिरवलं आणि मोटारीकडे बघत बसले.

मला तोवर पुरती हकिगत माहीत नव्हती. ती कळली माझ्याच नवऱ्यामुळे. एका दुपारी पांडेसऱ्यातल्या एका मिलमध्ये वाफेची लाइन फुटली अशी बातमी पसरली. कुठली मिल ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं. नवऱ्याचा फोन लागत नव्हता, कारण कामाच्या जागी फोन नेऊ देत नाहीत, तो लॉकरमध्ये असतो. मी माझ्या साऱ्या ग्रुपांमध्ये, साऱ्या अॅपांमध्ये विचारत सुटले आणि प्रत्येक ठिकाणी दुसऱ्याच कुणीतरी काहीतरी भलतंच लिहिलेलं होतं. आप्पा ओट्यावरून हाक मारत होते, मी लक्ष दिलं नाही. शेवटी ते जिना चढून वर आले आणि स्वतःचा फोन माझ्या तोंडासमोर धरला. ओटा ग्रुपवर एका जुन्या कारागिराने लिहिलं होतं. त्याचा मुलगा माझ्या नवऱ्याच्याच मिलमध्ये होता आणि नुकताच पाळी संपवून घरी आला होता. "वाफ शेजारच्या मिलमध्ये फुटली. आपली पोरं ठीक आहेत. वरच्या खोलीतल्या बाईला सांगा."

मी तिथेच जिन्यावर बसून रडले. आप्पा बाजूला उभे राहिले. म्हणाले, "माझी माय गेली तेव्हा हे नव्हतं." आणि खाली गेले.

पुढचं माईंनी सांगितलं. त्यांच्या सासूबाई, म्हणजे आप्पांची आई, शेवटी नानांकडे असायच्या. गेल्या त्या दिवशी माई गावाला होत्या, आप्पा घरी एकटे. नानांनी फोनवर फोन लावले. फोन टीव्हीपाशी वाजत राहिला असेल, ओट्यावर बसलेल्या आप्पांना कुठून ऐकू येणार? नानांच्या मुलाने भावकीच्या ग्रुपवर टाकलं. गावच्या ग्रुपवर दुसऱ्या कुणी टाकलं. प्रत्येकाला वाटलं की आप्पांना कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन सांगितलं असेल. त्या वेळी आप्पांकडे साधा फोन होता, ग्रुप उघडणारा नव्हता. संध्याकाळी दूधवाल्याने विचारलं, तुम्ही गेला नाहीत का, तेव्हा कळलं. थोरला मुलगा असून आप्पा तापीकाठी पोहोचले तेव्हा चिता विझत आली होती. अग्नी नानांनी दिला होता.

"मला ऐकू येत नाही हे तुला माहीत नाही का?" आप्पा तिथेच ओरडले.

"मी काय करू? तू फोन उचललास की नाही ते कसं कळणार? मलाही येत नाही," नाना म्हणाले. त्यांचेही कान त्याच लूमनी नेले होते.

एवढंच झालं. त्यानंतर शब्द नाही. दोघांपैकी खोटं कुणीच बोललं नव्हतं, म्हणूनच ते मिटत नसावं. मला दोघांचाही राग आला आणि दोघांचीही दया आली. माईंसमोर मी ते बोलूनही दाखवलं. माई म्हणाल्या, "माले बी तेच वाटस."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्याकडे पितरांसाठी घागर भरतात. नवी मातीची घागर पाटावर मांडून पाण्याने भरायची, वर खरबूज ठेवायचं, त्याला ते डांगर म्हणतात. पुरणपोळी, आमरस, सांजोऱ्या यांचा नैवेद्य. ही घागर घरातल्या थोरल्याने भरायची. आईच्या नावाने मात्र आता दोन घागरी भरल्या जात होत्या, एक गोडादऱ्यात आणि एक पांडेसऱ्यात. आणि भावकीत ग्रुपही दोन होते, हे मला ओटा सुरू झाल्यावर कळलं. एकात आप्पा होते, दुसऱ्यात नाना. दोघांना एकत्र ठेवलं तर एक तरी बाहेर पडेल या भीतीने नातेवाइकांनी ती सोय केली होती. आप्पा पहिल्यातून बाहेर पडले तरी दुसरा तसाच चालू होता. बारसं असो की बदली, जो तो एकच बातमी एकदा ओट्यावर आणि एकदा तिकडे टाकायचा. अमळनेरच्या बहिणीने एकदा ओट्यावर जाहीर तक्रार केली: "भाऊ, एकच बातमी दोनदा टाकी टाकी मना बोटे दुखी ग्यात. तू म्हनस एकच जागा, मग नानाले बी लय ना."

आप्पांनीही ते वाचलं. मी आप्पांना विचारलं, "घालू का नानांना? नंबर द्या."

"मी कुणाला ओढून आणत नाही," आप्पा म्हणाले. "ज्याले येवानं तो यी."

मग मी आत येण्याची लिंक बहिणीला पाठवली आणि तिने ती नानांना. नाना आले नाहीत. आठवडे गेले, महिने गेले. आप्पा दर रविवारी हजेरी घ्यायचे, म्हणजे ओट्यावरच्या सगळ्यांना एकदम व्हिडिओ कॉल लावायचे. ऐकू तर काही यायचं नाही, म्हणून आवाज बंदच. एकेक चौकोनातला चेहरा बघायचे, मान डोलवायचे, सगळे बघून झाले की लाल बटण. लोकही सरावले होते. कुणी दाढी करता करता, कुणी भाजी निवडता निवडता तोंड दाखवायचे आणि आपल्या कामाला लागायचे. कॉल संपला की आप्पा मला हमखास विचारायचे, "कोण राहिलं?" मी नावं सांगायचे. अमका कामावर आहे, तमक्याचं नेट गेलंय. ते ऐकत राहायचे, म्हणजे माझ्या ओठांकडे बघत राहायचे, आणि मी थांबले तरी नजर काढायचे नाहीत. त्यांना कोणत्या नावाची वाट असायची ते मला कळत होतं. मी ते नाव घेत नव्हते, कारण घेऊन सांगणार काय?

आखाजीच्या सकाळी माईंनी पाट मांडला, नवी घागर धुऊन ठेवली, सांजोऱ्या तळल्या. आप्पा अंघोळ करून, मोटार लावून ओट्यावर येऊन बसले आणि आत जायचं नावच घेईनात. माई दारातून दोनदा हाका मारून गेल्या. मी ओट्याच्या पायरीवर लेस घेऊन बसले होते. तेवढ्यात फोनवर एक ओळ आली. लिंकवरून कुणीतरी आत आलं होतं. नाव नव्हतं, नुसता नंबर, आणि फोटोच्या जागी एक जुना लूम.

मी फोन आप्पांच्या हातात दिला. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला.

ग्रुपवर कुणी काही लिहीना. सणाचा दिवस, एरवी आमरसाच्या वाट्या टाकून लोकांनी आप्पांच्या शिव्या खाल्ल्या असत्या. आज सगळे चूप होते. भजनवाले चूप, व्याही चूप. दूधवाला गल्लीत सायकल धरून उभा होता, हातात फोन आणि डोळे आप्पांवर.

आप्पांनी कॉल लावला.

एकेक चौकोन उघडत गेला. अमळनेरची बहीण पोळपाटापुढून उठून आलेली, हाताला पीठ. वापीचा मुलगा. व्याही, डोक्यावर टोपी घालून. आणि मग शेवटचा चौकोन उघडला. आप्पांचंच तोंड, थोडं बारीक, मिशी पांढरी. नानांना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखायला वेळ लागला नाही.

आप्पांनी मान डोलवली नाही. नानांनीही नाही. नानांचे ओठ हलले, आप्पा फोनला म्हणाले, "माले ऐकू येस नही," आणि तिकडे नानांनी कानाला हात लावून नकारार्थी मान हलवली. मला हसू आलं. माई आतून येऊन माझ्या मागे उभ्या राहिल्या होत्या, त्यांनी माझा खांदा घट्ट धरला.

मग नानांचा फोन हलला. छत दिसलं, भिंत दिसली, भिंतीवर हार घातलेला म्हातारीचा फोटो दिसला. फोटोखाली पाट होता आणि पाटावर नवी घागर. ती उपडी ठेवलेली होती. बाजूला पाण्याची कळशी भरून तयार, डांगर तयार, ताट वाढलेलं. उन्हं वर आली होती तरी घागर भरलेली नव्हती.

फोन कुणीतरी दुसऱ्याने धरला असावा, कारण नानांचे दोन्ही हात मोकळे होते. ते घागरीशेजारी उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही तळवे आमच्या दिशेने हलकेच पुढे ढकलले.

आप्पा उठले. टॉवेल खुर्चीवर टाकला, चपला घातल्या आणि गल्लीच्या तोंडाकडे चालू लागले. माई "अहो, अहो" करत आत पळाल्या, सांजोऱ्यांची पिशवी घेऊन बाहेर आल्या आणि त्यांच्या मागे धावल्या. दूधवाल्याने सायकल भिंतीला टेकवून रिक्षा थांबवली. मी बघतच राहिले. ज्या माणसाने उन्हात बसून टॉवेल घेतला पण खुर्ची सरकवली नाही, तो ओटा उघडा टाकून निघून गेला होता. माईंनी धुऊन ठेवलेली घागर आत पाटावर तशीच होती. आणि फोन खुर्चीत पडला होता, चालू.

मी तो उचलला. वाटलं, आता सगळे जातील. पण एकही चौकोन बंद झाला नाही. बहीण पदराने डोळे पुसत पोळ्या लाटायला बसली, फोन समोर उभा करून. व्याह्यांनी टोपी काढली नाही. भजनी मंडळाचे दोघं एकमेकांना काहीतरी सांगत होते. नानांच्या चौकोनात नुसती घागर दिसत होती आणि मधूनच कुणाचे तरी पाय. आम्ही अर्धा तास एका उपड्या घागरीकडे बघत बसलो होतो. साड्यांचं काम तसंच मांडीवर पडलं होतं.

मग त्या चौकोनात आप्पांची पाठ आली. ते वाकले, घागर सुलटी केली. नानांनी कळशी उचलली, आप्पांनी खालून हात लावला आणि दोघांनी मिळून पाणी ओतलं. डांगर ठेवलं ते माईंनी. आप्पांनी फोटोपुढे डोकं टेकवलं आणि बराच वेळ वर उचललं नाही. नाना त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. बहिणीने आवाज बंद असतानाही तोंडाला पदर लावला.

शेवटी आप्पा उठले आणि नानांच्या फोनजवळ आले. डोळे लाल होते. सवयीने एकेक चौकोन बघू लागले, मान डोलवू लागले. बघता बघता स्वतःच्याच चौकोनापाशी थांबले. त्यात मी होते, पायरीवर बसलेली, आणि माझ्या मागे त्यांची रिकामी खुर्ची.

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. खुर्चीकडे बोट दाखवलं. मग दोन्ही तळवे माझ्याकडे पुढे केले आणि लाल बटण दाबलं.

मी उठले, टॉवेल बाजूला ठेवला आणि त्या खुर्चीत बसले. तिथून खरंच सगळं दिसत होतं. मोटार चालू राहिली होती आणि टाकी भरून पाणी जिन्यावरून वाहत होतं.